फोनमध्ये जागा नाही

मिस्त्रींचे गुडघे अखेर संपावर गेले, आणि तेही कुठे, तर एका टेलरच्या चौथ्या मजल्याच्या जिन्यात, बरोबर मध्यावर. वर चढता येईना, खाली उतरता येईना. शेवटी टेलरनं शेजाऱ्याला बोलावून खुर्ची आणली, दोघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. अशा अवस्थेतही या गृहस्थांनी वरून येणाऱ्या मशीनच्या आवाजाकडे कान लावला आणि ओरडून सांगितलं, "अरे, आधी सुई बदला! वाकलीये ती!" सुई खरंच वाकलेली निघाली.

शिलाई मशीन दुरुस्त करणारे गावात काही कमी नव्हते. पण बाकीचे आल्याआल्या स्क्रूड्रायव्हर काढत. मिस्त्री पिशवी खाली ठेवत, स्टुलावर टेकत, डोळे मिटत आणि म्हणत, "चालवा." वीस-पंचवीस टाके ऐकले की डोळे उघडत. "बॉबिनच्या डबीत दोऱ्याचा तुकडा अडकलाय." किंवा, "पट्टा सैल झालाय, महिना काढेल." किंवा नुसतंच, "तेल कुणी घातलं हे? खोबरेल दिसतंय." चाळीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकला असेल तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, आणि त्या चुकाही त्यांच्या तोंडपाठ होत्या.

डॉक्टरांनी जिने कायमचे बंद केले. आता टेलर मंडळी बसतात वरच्या मजल्यांवर, जिथे खोली मिळेल तिथे. जिने बंद म्हणजे धंदा बंद. मिस्त्री घरी बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. दुसऱ्या आठवड्यात चांगला चालणारा मिक्सर उघडला. तिसऱ्या आठवड्यात ते खिडकीपाशी गप्प बसून राहिले, आणि त्यांच्या सुनेला खरी काळजी लागली ती तेव्हा.

सून फोनसाठी ॲप बनवणाऱ्या कंपनीत होती आणि काम घरूनच, मागच्या खोलीत बसून करायची. मिस्त्री तिला 'इंजिनीअर' म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग सवयीनं, आणि अलीकडे तर चारचौघांत ऐटीनं. नवरा कामापायी बाहेरगावी, शनिवार-रविवारी उगवायचा. त्यामुळे घरात बोलायला ही दोघंच.

एके दुपारी बाहेरच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. मिस्त्री फोनवर कुणा टेलरला झापत होते. "अहो, मशीनजवळ धरा फोन! धरलाय? मग चालवा की! चालवताय? मग मला ऐकू का येत नाही?"

सुनेनं फोन हातात घेतला. टेलर बिचारा जीव तोडून मशीन चालवत होता आणि इकडे नुसती शांतता. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "बाबा, फोनला वाटतं माणसाचं बोलणं तेवढं कामाचं. बाकी सगळा गोंगाट समजून तो गाळून टाकतो. तुमचं मशीन त्याच्या लेखी गोंगाट आहे."

"गोंगाट?" मिस्त्रींचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

त्या रात्री जेवताना कल्पना तिच्या डोक्यात पक्की बसली. टेलरनं आपल्या मशीनचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा. मिस्त्रींनी घरी बसून ऐकायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. निम्म्या तक्रारी तर सुई उलटी लावल्याच्या आणि कचरा साठल्याच्या असतात, त्या टेलर स्वतःच निस्तरील. बाकीच्यांकडे मिस्त्रींचा जुना जोडीदार नेमका सुटा भाग घेऊन जाईल. मिस्त्रींना एकही पायरी चढायला नको. ऐकून ते जेवायचे थांबले. "म्हणजे मी कामावर?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, आणि त्या एका 'हो'चं ओझं तिच्या मानेवर बसलं.

शनिवारी नवरा आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मस्त! पण वेबसाइट का नाही करत? साधी, सुटसुटीत."

"वेबसाइट!" ती म्हणाली. हा शब्द तिनं अशा सुरात उच्चारला, की बिचाऱ्यानं पुढचे दोन दिवस तोंड उघडलं नाही.

तिच्याकडे कारणं होती, आणि चांगली होती. ॲपमध्ये आवाज स्वच्छ घेता येतो. रेडिओ, पंखा, माणसांचं बोलणं वेगळं काढून नुसतं मशीन ऐकवता येतं. उत्तर आलं की फोन टुणकन सांगतो. शिवाय ॲप फोनमध्ये ठाण मांडून राहतं, वेबसाइटचं नाव कोण लक्षात ठेवणार? हे सगळं खरं होतं. पण आणखी एक कारण होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या ॲपचे तुकडे करत आली होती. कुणाचं एक बटण, कुणाची एक यादी. अख्खं, आपलं म्हणावं असं एकही नव्हतं. हे तिला अख्खं हवं होतं.

पाच महिने लागले. कंपनीचं काम संपवून रोज संध्याकाळी ती बसायची आणि मिस्त्री शेजारी स्टूल ओढून बसायचे. ती वेगवेगळ्या मशीनचे आवाज लावायची, ते नावं सांगायचे. तिनं गाळणी अशी काही साधली, की पंख्याची घरघर, गाण्यांचे सूर, सगळं बाजूला होऊन नुसती सुई, शटल आणि दात्यांची पट्टी ऐकू यायची. पहिल्यांदा तो स्वच्छ आवाज आला तेव्हा मिस्त्री स्पीकरला कान लावून बसले. मग म्हणाले, "मशीनच्या पोटात बसून ऐकल्यासारखं वाटतं गं." तिला आभाळ ठेंगणं झालं.

चाचणीसाठी मिस्त्रींनी दहा जुनी गिऱ्हाइकं निवडली आणि एकेकाला स्वतः फोन केला. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही असा माणूस, म्हणाला, "आमच्या इंजिनीअरनं एक ॲप केलंय. तेवढं घ्या हो." दहाच्या दहा जण म्हणाले, "अहो मिस्त्री, सांगायला हवं का! आत्ता घेतो."

आठवडा गेला. दहापैकी एकीनं ॲप घेतलं. मुलींचे गणवेश आणि फ्रॉक शिवणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी. त्यांच्या मशीनचा आवाज आला, मिस्त्रींनी डोळे मिटले, "दाब कमी करा म्हणावं, बस्स," म्हणाले, आणि तासाभरात मावशींचं उत्तर आलं की मशीन लोण्यासारखं चालतंय. मिस्त्रींनी त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. पण बाकीच्या नऊ जणांचा पत्ता नव्हता. फोन केला की "हो हो, करतो, करतो." सून धुसफुसायला लागली. लोकांना नवीन काही नकोच असतं, असं ती नवऱ्याला ऐकवून मोकळी झाली. मिस्त्री पुन्हा खिडकीपाशी बसू लागले.

आणि मग एका सकाळी मावशी दारात उभ्या. गळ्यात टेप, हातात फोन, चेहरा ओशाळलेला.

"एक विचारायचं होतं," त्या सुनेला म्हणाल्या. "रागावू नका हं. तुमच्या त्या ॲपमध्ये माझ्या मापांचे फोटो कुठे राहिलेत का?"

सुनेला काहीच उमजेना. मावशींना बसवून, पाणी देऊन, एकेक प्रश्न विचारत तिनं उलगडा करून घेतला. टेलर माणूस माप घेतो ते कागदाच्या चिठोऱ्यावर. चिठोरा कापडाखाली हरवतो, म्हणून फोटो काढून ठेवतो आणि चिठोरा फेकून देतो. मावशींच्या फोनमध्ये अशी सगळ्या गिऱ्हाइकांची मापं होती. ॲप घ्यायला गेल्या तर फोन म्हणाला, जागा नाही. म्हणून त्यांनी फोटो काढून टाकले. तरी फोन म्हणाला, जागा नाही. म्हणून फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यातले पण काढून टाकले. मग जागा झाली.

"आधी वाटलं, जुनीच मापं आहेत, परत घेईन सावकाश," मावशी म्हणाल्या. "पण त्यात शाळेच्या गाण्याच्या पथकाची पण गेली. बेचाळीस मुली. आठ दिवसांवर कार्यक्रम आलाय."

"पण मावशी, मापं पुसून टाकली तुम्ही? एका ॲपसाठी? नाही म्हणायचं होतं ना!"

मावशींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मिस्त्री आत होते. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, चोवीस वर्षं हा माणूस माझे तीन जिने चढतोय. एकदा तापात चढला. कधी चहाच्या वर काही घेतलं नाही, की काही मागितलं नाही. पहिल्यांदा म्हणाले, मावशी, हे घ्या. नाही कसं म्हणू मी?"

सुनेला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, समोरच्या बाईचं अपार कौतुक वाटलं. तिनं पायात चपला सरकवल्या. "चला," म्हणाली. "शाळेत जाऊ. तुम्ही मापं घ्या, मी लिहिते."

दोन दिवस लागले. शाळेच्या व्हरांड्यात मुली रांगेनं यायच्या, मावशी टेप टाकायच्या आणि आकडे सांगायच्या. पाचव्या-सहाव्या मुलीपासून सुनेच्या लक्षात आलं की मावशी आकडा आधी पुटपुटतात आणि टेप मागाहून लावतात, आणि दोन्ही सारखे निघतात. "मग टेप कशाला लावता?" तिनं विचारलं. मावशी हसल्या. "मुलींना बरं वाटतं."

तिसऱ्या दिवशी सून बाकीच्या नऊ जणांकडे गेली. आजवर ती या कुणाच्या घरी गेली नव्हती. पाच महिने मागच्या खोलीत बसून तिनं त्यांच्यासाठी ॲप केलं होतं. ती एकेक जिना चढली. कापडांचे ढीग, खडूची भुकटी, कोपऱ्यात मशीन, आणि मशीनवर कडा घासलेला फोन. पडदे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिच्यापुढे फोन धरला. त्यात अकरा हजार फोटो होते. खिडक्यांची मापं, कापडांचे नमुने, गिऱ्हाईक 'असंच हवं' म्हणून पाठवतं ती चित्रं.

"आता यातलं काय काढू, तुम्हीच सांगा ताई," तो म्हणाला. "मिस्त्रींना नाही म्हणवेना. आणि हे काढवेना. म्हणून आपलं 'करतो, करतो' चाललंय."

नऊही ठिकाणी हीच कथा. नवीन काही नको असं त्यातला एकही जण म्हणाला नव्हता. भिडेपोटी गप्प बसले होते सगळे. नववा जिना उतरताना सुनेचेच गुडघे कुरकुरू लागले. चाळीस वर्षं बाबा रोज हे करत होते, हा विचार तिच्या मनात आला, आणि ती रस्त्यातल्या एका ओट्यावर थोडा वेळ बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं मिस्त्रींसमोर सगळं मांडलं. "बाबा, ॲप बंद करावं लागेल. वेबसाइट करते. एक लिंक पाठवायची, ती दाबली की पान उघडतं, मशीन चालवायचं, आवाज इकडे येतो, पान मिटतं. त्यांच्या फोनमध्ये काही राहत नाही, काही काढावं लागत नाही."

"मग अडलंय कुठे?"

"आवाज तितका स्वच्छ येणार नाही. फोनला गाळू नको म्हणून सांगता येतं, पण मग सगळंच येतं. पंखा, रेडिओ, शेजारची भांडणं. माझी ती गाळणी तिथे चालत नाही नीट." मांजराच्या पिल्लाला जपावं तशी जपली होती तिनं ती.

मिस्त्री मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच. "अगं, चाळीस वर्षं मी काय देवघरात बसून ऐकत होतो? एकीकडे रेडिओ, एकीकडे पोर रडतंय, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, त्यातूनच ऐकलं ना मी मशीन! गाळणी माझ्याकडे आहे. तू आवाज आण."

मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते हसायचे थांबले. "पाच महिने गेले तुझे," ते म्हणाले.

"हो."

"एक सांगतो. टेलर मी पुष्कळ पाहिले. शिवणारे चांगले चिकार. पण स्वतः शिवलेलं, मनापासून शिवलेलं, अंगाला बसत नाही म्हटल्यावर हात न थरथरता उसवणारे मी चारच पाहिलेत." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता पाच झाले."

सून आत गेली आणि मनसोक्त रडली. मग तोंड धुतलं आणि कामाला बसली.

वेबसाइट दहा दिवसांत उभी राहिली. एकच पान. नाव, पत्ता, पासवर्ड, काही मागणं नाही. वर मोठ्या अक्षरांत 'मशीन चालवा', खाली एक बटण, त्याखाली फोन नंबर आणि तक्रार लिहायला एक चौकोन. आवाजाला आधी दहा सेकंद ठेवले होते, ते मिस्त्रींच्या सांगण्यावरून दोन मिनिटं केले. दिसायला ॲपच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. दहाही जणांनी त्याच दिवशी आवाज पाठवले. पडदेवाल्या म्हाताऱ्यानं तर तक्रार नसतानाही पाठवला, नुसतंच 'बघा बरं कसं वाटतंय' म्हणून. आणि मग कुणीच सांगितलं नव्हतं ते घडलं. टेलरांनी ती लिंक एकमेकांना पाठवली, भावाला, मेव्हणीला, दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला. महिन्याभरात मिस्त्रींना सकाळचा चहा प्यायला फुरसत उरली नाही.

एका सकाळी एक आवाज आला. लांबच्या गावाहून, कधी नाव ऐकलं नव्हतं अशा एका बाईंकडून. चौकोनात लिहिलं होतं, 'पायाचं मशीन आहे. तीस वर्षांचं. आता वाकडं शिवतं. मोडीत काढणार होते, मुलगी म्हणाली एकदा ऐकव.'

मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "मशीन सुरेख आहे. कुठे खुट्ट नाही."

"मग वाकडं का शिवतं?"

"नीट ऐक. चार टाके, आणि थांबली. कापडावरचा दाब उचलला, कापड हलवलं. परत चार टाके, परत थांबली. मध्येच सुस्कारा टाकते, ऐकलास? आता नवशिकी असती तर पायाला ताल नसता. हिचा पाय बघ, घड्याळ लावून घ्यावं. असा पाय असलेली बाई चार टाक्यांवर का थांबेल?" ते सावरून बसले. "लाव तिला फोन."

पलीकडचा आवाज घाबराघुबरा होता. मिस्त्रींनी मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. "बाई, सुईत दोरा तुम्हीच ओवता का?"

"नाही हो. नात ओवते. तुटला की मग ती शाळेतून येईपर्यंत मशीन बंद."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"आणि काळ्या कापडावर काळा दोरा?"

"ती कामं घेणं सोडलंय मी," बाई म्हणाल्या.

"मशीन ठणठणीत आहे. मोडीत काढलंत तर मी तिथवर येऊन भांडेन. आधी जाऊन डोळे दाखवून या. तुम्हाला शिवणीची रेघ दिसत नाहीये, एवढंच झालंय."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे माझा हात गेलेला नाही?"

"कोण म्हणालं हात गेला?"

"सगळेच म्हणतात. वय झालं, बसा आता गप्प. मलाही वाटायला लागलं होतं."

सून स्क्रीनकडे तोंड करून बसली, कारण तिचे डोळे भरले होते. "बाई," मिस्त्री म्हणाले, "तुमचा हात मी आत्ता तीन वेळा ऐकला. चाळीस वर्षांत असा हात फार थोड्यांचा ऐकलाय. चष्मा आला की एक काम करा. याच पानावर पुन्हा मशीन चालवा. थांबायचं नाही, सरळ दोन मिनिटं. दुरुस्तीसाठी नको. मला ऐकायचंय."

बाई रडल्या, हसल्या, काहीबाही बोलल्या आणि फोन ठेवला. मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात म्हणाले, "हं, इंजिनीअर, पुढचं कोण?"